काइटसर्फिंगची पहिली सुट्टी : वारा, शिकवणी आणि ठिकाणाची निवड

काइटसर्फिंग शिकायचे ठरले की बहुतेक जण आधी ठिकाण निवडतात, मग तिकीट काढतात आणि तिथे पोहोचल्यावर शाळा शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. या खेळात प्रगतीचा वेग शिकणाऱ्याच्या ताकदीपेक्षा वाऱ्यावर आणि पाण्यावर अधिक अवलंबून असतो. स्थिर वारा, कमरेइतके सपाट पाणी आणि लक्ष देणारा शिक्षक या तीन गोष्टी जुळून आल्या तर आठवड्याभरात बोर्डावर उभे राहता येते. त्यांपैकी एक जरी बिनसली तर तोच आठवडा किनाऱ्यावर बसून जातो. म्हणून येथे आधी वारा समजून घेऊ, मग शिकवणी कशी पुढे सरकते ते पाहू आणि त्या माहितीच्या आधारे सुट्टी आखू.

खेळाचे स्वरूप

काइटसर्फिंगमध्ये माणूस पायांना बोर्ड लावून पाण्यावर उभा राहतो आणि साधारण २० ते २७ मीटर लांबीच्या दोरांनी जोडलेला मोठा पतंग, म्हणजे काइट, त्याला ओढत नेतो. दोरांचा मुख्य ताण कमरेच्या रुंद पट्ट्यावरील, म्हणजे हार्नेसवरील, हुकात अडकवलेला असतो, त्यामुळे हातांवर फारसा भार येत नाही. दोर जोडलेला हातातला दांडा, म्हणजे बार, डावीकडे-उजवीकडे ओढून काइटला दिशा देणे आणि तोच बार अंगाजवळ आणून किंवा दूर सोडून ओढ वाढवणे-कमी करणे, एवढेच हातांचे काम असते. मजबूत दंडांचा माणूस या खेळात लवकर तयार होतो हा समज त्यामुळेच खरा ठरत नाही. उलट जोर लावण्याची सवय असलेले लोक बार घट्ट आवळून धरतात आणि काइटला मोकळेपणाने उडू देत नाहीत, असे अनेकदा दिसते.

फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये फुगवता येणाऱ्या काइटच्या रचनेचे पेटंट घेतले. पाण्यात पडलेला काइट तरंगत राहावा आणि तेथूनच पुन्हा उडवता यावा, हा त्या रचनेचा गाभा होता आणि आजचे बहुतेक काइट त्याच तत्त्वावर बनतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. शर्यती मार्सेय येथे झाल्या आणि ब्रिटनची एली ऑल्ड्रिज व ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस यांनी सुवर्णपदके जिंकली. तेथे दिसलेले बोर्ड पाण्याखालच्या पंखावर, म्हणजे हायड्रोफॉइलवर, पाण्याच्या वर उचललेले होते. नवख्याने ती दृश्ये मनात ठेवून साहित्य निवडू नये. त्याची सुरुवात फुगवण्याच्या काइटने आणि दोन्ही टोके सारखी असलेल्या साध्या बोर्डानेच होते.

वारा वाचायला शिका

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात आणि एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शिकण्यासाठी १२ ते १८ नॉटचा वारा सोयीचा असतो. त्याहून कमी वाऱ्यात काइट वारंवार खाली पडतो आणि पाण्यातून उठवणे जड जाते, तर २० नॉटच्या पुढे प्रत्येक चूक महागात पडू लागते. यामागचे कारण नीट लक्षात घेतले पाहिजे. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १० नॉटचा वारा २० नॉट झाला की त्याच काइटची ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून अंदाज पाहताना केवळ सरासरी आकडा पुरेसा नाही. झोतांचा आकडाही पाहावा. सरासरी १५ आणि झोत १८ नॉट असा दिवस शिकण्यास उत्तम असतो, मात्र सरासरी तीच आणि झोत २८ नॉट असतील तर शिक्षकाने वर्ग रद्द केला तरी वाईट वाटून घेऊ नये.

अंदाजासाठी विंडी किंवा विंडगुरू यांसारख्या सेवा वापरल्या जातात. त्यांत एकाहून अधिक संगणकीय प्रारूपांचे आकडे शेजारी-शेजारी पाहता येतात, आणि ते आकडे एकमेकांशी जुळत असतील तर अंदाजावर अधिक भरवसा ठेवता येतो. तरीही किनाऱ्यावरचा वारा पुष्कळदा स्थानिक कारणांनी घडतो. दुपारपर्यंत जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. हा औष्णिक वारा मोठ्या क्षेत्राचा विचार करणाऱ्या प्रारूपांत अनेकदा कमी दाखवला जातो. म्हणून रोज त्याच किनाऱ्यावर उभे राहणाऱ्या शिक्षकाच्या शब्दाला पडद्यावरच्या आकड्यापेक्षा अधिक वजन द्यावे.

वेगाइतकीच दिशा महत्त्वाची आहे. समुद्राकडून थेट किनाऱ्यावर येणारा वारा नवख्याला सतत वाळूकडे ढकलतो आणि चुकीच्या क्षणी काठावरच्या दगडांवर किंवा कुंपणावर नेऊन आदळू शकतो. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा चांगला. समांतर पण किंचित किनाऱ्याकडे झुकलेला वारा शिकण्यासाठी सर्वांत चांगला, कारण काही बिघडले तरी माणूस हळूहळू काठाला लागतो. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा मात्र सोबत सुटकेची बोट असल्याशिवाय कधीही स्वीकारू नये. अशा दिवशी काठाजवळचे पाणी आरशासारखे शांत दिसते आणि तेच दृश्य नवख्याला फसवते. शंभर-दोनशे मीटर आत गेल्यावर तोच वारा भरभरून वाहत असतो आणि परत येण्याचा मार्ग वाऱ्याविरुद्ध असतो.

पाण्याकडे पाहूनही बरेच कळते. साधारण १२ नॉटच्या आसपास लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस विखरून दिसू लागतो. पृष्ठभागावरून सरकत येणारा गडद पट्टा म्हणजे येणारा झोत असतो. तो दिसताच बार थोडा दूर सोडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. इमारती, झाडांच्या रांगा आणि टेकड्या यांच्या मागच्या अंगाला वारा भोवऱ्यांसारखा फिरतो, तेथे काइट अचानक ढिला पडतो आणि पुढच्याच क्षणी जोरात ओढतो. आणि गडगडाटी ढग दिसत असतील तर पाण्यात राहू नये. पाऊस सुरू होण्याआधीच त्या ढगातून सुटलेला थंड झोत कित्येक किलोमीटर पुढे पोहोचलेला असतो आणि त्याची दिशाही मूळ वाऱ्याहून वेगळी असू शकते.

आकाशातले घड्याळ

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यावर काइट जिथे-जिथे उडू शकतो त्या जागेला वाऱ्याची खिडकी म्हणतात. शिक्षक ती समजावताना घड्याळाचा आधार घेतात : डोक्यावर १२, डावीकडे क्षितिजाशी ९ आणि उजवीकडे ३. या कडांवर काइट जवळजवळ शांत असतो. तो जसा खिडकीच्या मध्यभागी, म्हणजे समोर आणि खाली, उतरतो तशी त्याची ओढ झपाट्याने वाढते. शिवाय एका जागी थांबलेल्या काइटपेक्षा वेगाने झेपावणारा काइट कितीतरी अधिक ओढतो, कारण त्याच्या स्वतःच्या वेगामुळे त्याला लागणारा वारा वाढतो. पुढे बोर्डावर उठण्यासाठी याच गुणाचा उपयोग होतो आणि बहुतेक अपघातांच्या मुळाशीही हाच गुण असतो, म्हणून शाळेचा पहिला तास जमिनीवर आणि छोट्या काइटवर गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

शिक्षकाशिवाय सुरुवात नको

चित्रफिती पाहून किंवा मित्राच्या साहित्यावर हा खेळ शिकण्याचा प्रयत्न करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. मित्राला काइट चालवता येतो याचा अर्थ त्याला तो शिकवता येतो असा होत नाही, आणि दोर ताणलेल्या काइटची ओढ माणसाला उचलून फेकण्याइतकी असू शकते.

शिक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांपैकी आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना, म्हणजे आयकेओ, सर्वांत जास्त देशांत भेटते. ती २००१ मध्ये सुरू झाली. जर्मनीतील व्हीडीडब्ल्यूएस ही दुसरी परिचित संस्था आहे. शाळा निवडताना केवळ प्रमाणपत्र पाहून थांबू नये. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी असतील हे विचारावे. दोनपेक्षा अधिक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला काइट येण्याची वेळ कमी होते. वर्गासाठी सुटकेची बोट तयार असते का, हेल्मेटमध्ये रेडिओ असतो का, वारा नसलेल्या दिवसाचे पैसे परत मिळतात की तास पुढे ढकलले जातात, काइट किती जुने आहेत, हेही लेखी विचारून घ्यावे. रेडिओचे महत्त्व पाण्यात गेल्यावर पटते : शिक्षक पन्नास मीटरवर उभा असतो, वाऱ्यात त्याचा आवाज पोहोचत नाही आणि नेमक्या त्याच क्षणी सूचना हवी असते.

शिकणाऱ्याला पोहता आले पाहिजे, आणि खोल पाण्यात शांत राहता आले पाहिजे. चष्मा लागत असेल तर पट्ट्याचा पाण्यातला गॉगल आधीच करून घ्यावा. पाठीचे, खांद्याचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच नाव नोंदवावे.

शिकण्याच्या पायऱ्या

बोर्डावर पहिली काही मीटर अंतरे कापण्यापर्यंत साधारण ९ ते १२ तासांची शिकवणी लागते. ती चार-पाच दिवसांत विभागलेली बरी, कारण दोन-अडीच तासांनंतर लक्ष विचलित होते आणि दमलेला माणूस बार घट्ट धरू लागतो.

पहिली पायरी जमिनीवरची. दोन-तीन चौरस मीटरच्या सराव-काइटने घड्याळातल्या जागा ओळखणे, काइट डोक्यावर स्थिर ठेवणे आणि न पाहता चालवणे येथे शिकवले जाते. याच टप्प्यावर सुरक्षेची तीन पावले क्रमाने पाठ करावी लागतात. काही बिघडले तर प्रथम बार सोडून द्यायचा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काइटची ओढ ओसरते. तरीही ओढ सुरूच राहिली तर हुकाजवळचा क्विक रिलीज, म्हणजे काइट झटकन सुटा करणारी कळ, अंगापासून दूर ढकलायचा, म्हणजे काइट एकाच दोरावर लोंबकळत निष्प्राण होतो. त्यानंतरही धोका टळला नाही, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या दोरांत गुंतागुंत झाली, तर सेफ्टी लीश, म्हणजे काइटला अंगाशी जोडून ठेवणारा सुरक्षा-दोर, सोडून काइटशी असलेला संबंधच तोडायचा. हे वाचायला सोपे वाटते, पण घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडण्याऐवजी अधिक घट्ट पकडतो. म्हणून प्रत्येक वर्गाच्या आरंभी डोळे मिटून, हाताने चाचपून क्विक रिलीज शोधावा, तो खरोखर उघडावा आणि पुन्हा जोडावा. या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये आले आहे. जुना बार विकत किंवा भाड्याने घेताना त्याबद्दल विचारणे योग्य ठरते.

दुसरी पायरी पाण्यात शरीराने ओढले जाण्याची. बोर्ड न घेता पोटावर आडवे होऊन काइट एका बाजूकडून दुसरीकडे फिरवला की माणूस वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातो तिकडे, घसरत जातो. मग एक हात पाण्यात नौकेच्या सुकाणूसारखा ताठ धरून आणि काइट एकाच बाजूला कडेशी ठेवून तिरके-तिरके वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, सरकायला शिकवतात. हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि बरेच जण तो लवकर आटोपायला सांगतात. तसे करू नये. बोर्ड पायातून निसटला की तो मागे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहतो आणि तो परत मिळवण्याचा हाच एक भरवशाचा मार्ग आहे. याच टप्प्यावर पाण्यात पडलेला काइट उठवणे आणि स्वतःची सुटका करणे शिकवले जाते. स्वतःच्या सुटकेत सुरक्षा-दोर आधी बारवर गुंडाळून काइट निष्प्राण ठेवतात, मग उरलेले दोर गुंडाळत काइटपर्यंत पोहोचतात आणि त्याच्या फुगलेल्या कडेचा तराफ्यासारखा उपयोग करून काठाला येतात. दोर हाताला किंवा बोटाला कधीही गुंडाळू नये. ताण आला की तो कातडी कापत आत जातो.

तिसरी पायरी म्हणजे पाण्यातून उठणे, आणि सर्वाधिक वेळ तिलाच लागतो. पाठ वाऱ्याकडे, काइट १२ वर, गुडघे छातीजवळ आणि बोर्ड पायांत आडवा, अशी बैठक घ्यायची. उजवीकडे जायचे असेल तर काइट आधी थोडा ११ कडे न्यायचा आणि तेथून ठामपणे १ ते २ च्या दिशेने झेपावू द्यायचा. ओढ आली की तिच्यासोबत उठायचे, पुढच्या पायाने बोर्डाचे टोक काइटच्या दिशेने वळवायचे आणि नजर जायच्या दिशेला ठेवायची. नवख्यांच्या बहुतेक चुका येथे सारख्याच असतात. बार हा आधाराचा कठडा समजून अंगाशी ओढला की काइट मागे रेलतो आणि ओढ संपते. पाय फार लवकर सरळ केले की बोर्ड ब्रेकसारखा पाण्यात रुततो. झेप अर्धवट सोडली की माणूस क्षणभर उठून पुन्हा बसतो. त्यातही नजर काइटवर खिळलेली राहणे ही सर्वांत चिवट सवय आहे. काइटकडे पाहणारा माणूस त्याच्याकडेच ओढला जातो, आणि जायच्या दिशेकडे पाहणाऱ्याचे खांदे व कंबर आपोआप त्या दिशेला वळतात.

यापुढची पायरी वाऱ्याच्या वरच्या अंगाला चढत जाण्याची. जिथून निघालो तिथेच परत येता आले की माणूस स्वतंत्र झाला असे मानतात. आयकेओच्या पाच स्तरांत तिसरा स्तर स्वतंत्र चालवणाऱ्याचा आहे. पहिल्या सुट्टीत हे साध्य होईलच असे धरून चालू नये. पहिल्या सुट्टीचे वाजवी उद्दिष्ट दोन्ही दिशांना शंभरेक मीटर जाता येणे आणि साहित्य स्वतः जुळवता येणे, एवढे ठेवावे.

उड्डाणापूर्वीची तपासणी

अपघात पाण्यापेक्षा वाळूवर अधिक गंभीर होतात, म्हणून ही पाच मिनिटे घाईत उरकू नयेत. काइटची पुढची कड, तिच्यावर छापलेल्या दाबापर्यंत, पुरती टणक होईल अशी फुगवावी. मऊ राहिलेली कड झोतात दुमडते. काइट वाळूवर पालथा ठेवून त्यावर पुरेशी वाळू टाकावी. बार खाली ठेवून चारही दोरांमधून पाय घालत काइटपर्यंत चालत जावे, म्हणजे प्रत्येक दोर वेगळा होतो आणि एखादी गाठ किंवा पीळ असेल तर तो पायाला लागतो. मधले दोन दोर काइटच्या पुढच्या कडेला आणि बाहेरचे दोन मागच्या टोकांना जातात. डावीकडचा मागचा दोर उजवीकडे जोडला गेला तर काइट सुटताक्षणी उलट वळतो आणि चालवणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही; त्यामुळे रंगांच्या खुणा स्वतः तपासाव्यात आणि शेजाऱ्यालाही तपासायला सांगावे.

काइट धरणारा मदतनीस खिडकीच्या कडेला उभा राहतो. काइटचे कापड फडफडत असेल तर चालवणाऱ्याने वाऱ्याच्या वरच्या अंगाला थोडे सरकावे, कापड ताणले जाईपर्यंत. त्यानंतरच अंगठा वर करून सोडण्याची खूण करावी. काइट पाण्याच्या बाजूने हळू वर न्यावा आणि वाळूवर तो १२ वर धरून गप्पा मारत उभे राहू नये, कारण अशा वेळी आलेला झोत माणसाला सरळ वर उचलतो. पुढे वाऱ्याच्या खालच्या अंगाला निदान दोन दोरांइतके, म्हणजे पन्नास मीटर, अंतर माणसे आणि अडथळे यांपासून मोकळे असावे. उतरवताना डोक्यावर हाताने थोपटण्याची खूण करतात.

पाण्यावरचे नियम

दोन जण समोरासमोर आले तर उजवा हात पुढे असलेल्याचा मार्ग पहिला, दुसऱ्याने वळावे. एकमेकांना ओलांडताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने काइट उंच आणि खालच्या अंगाला असलेल्याने तो खाली ठेवावा, म्हणजे दोर भिडत नाहीत. काठावरून निघणाऱ्याला येणाऱ्यापेक्षा प्राधान्य असते, आणि लाटेवर असलेल्या सर्फरला त्या लाटेवर. पोहणाऱ्यांपासून मात्र सर्वांनीच लांब राहावे.

साहित्य : आधी भाड्याने

पहिल्या सुट्टीसाठी काहीही मोठे विकत घेऊ नये. शिकताना लागणारा मोठा बोर्ड आणि पुढे आवडणारा बोर्ड वेगळे असतात. ७५ किलो वजनाच्या माणसाला १५ ते १८ नॉट वाऱ्यात साधारण १२ चौरस मीटरचा काइट लागतो आणि वारा २० च्या पुढे गेला की ९ चौरस मीटरचा. वजन कमी असेल तर आकारही कमी होतो. नवख्याचा बोर्ड १४० ते १५० सेंटिमीटर लांबीचा असतो. स्वतःच्या मापाचे हार्नेस मात्र शक्य तितक्या लवकर घ्यावे, कारण भाड्याचे सैल हार्नेस वर सरकून बरगड्या सोलते. हेल्मेट, धक्का शोषणारे जाकीट आणि हार्नेसला लावलेला दोर कापण्याचा छोटा चाकू यांविषयी तडजोड करू नये.

सुट्टीसाठी ठिकाण निवडताना

आता ठिकाणाकडे वळू. सुंदर छायाचित्रांत दिसणाऱ्या उंच लाटा आणि उड्या अनुभवी लोकांच्या आहेत. नवख्याला हवी असते वाळूच्या तळाची उथळ खाडी, जिथे पडल्यावर उभे राहता येते. लाल समुद्रावरील इजिप्तचे एल गूना हे याचे चांगले उदाहरण आहे. तेथे उथळ पाण्याचे विस्तीर्ण पट्टे आहेत आणि वसंतापासून शरदापर्यंत वारा भरवशाचा असतो. पश्चिम सहारातील दाखला येथेही लांबच लांब खाडीत सपाट पाणी मिळते, परंतु उन्हाळ्यात वारा पुष्कळ जोरदार असतो. श्रीलंकेतील कल्पिटिया येथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ, म्हणजे मे ते सप्टेंबर, हा मुख्य हंगाम आहे आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत दुसरा, तुलनेने सौम्य हंगाम येतो. झांझिबारमधील पाजे येथे डिसेंबर ते मार्च ईशान्येकडचा कास्काझी आणि जून ते सप्टेंबर आग्नेयेकडचा कुसी वाहतो. पाजेचे पाणी प्रवाळभिंतीच्या आड असल्याने सपाट असते, पण भरती-ओहोटीचा फरक एवढा मोठा आहे की वर्गाच्या वेळा घड्याळापेक्षा भरतीच्या तक्त्यावरून ठरवाव्या लागतात. तळाशी समुद्री साळिंदरे, म्हणजे काटेरी गोल समुद्रजीव (सी अर्चिन), असल्याने पायांत रबरी बूट आवश्यक आहेत.

काही प्रसिद्ध ठिकाणे पहिल्या सुट्टीसाठी मी सुचवणार नाही. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरील तारिफा येथे पूर्वेचा लेव्हांते वारा अरुंद जागेतून जोराने घुसतो आणि झोतांनी भरलेला असतो. पश्चिमेचा पोनिएंते सौम्य असतो, परंतु आठवड्याभरात कोणता वारा मिळेल हे आधी ठरवता येत नाही. केप टाउनचा नोव्हेंबर ते मार्चमधला आग्नेय वारा अनेकदा नवख्याच्या आवाक्याबाहेर जातो आणि पाणी थंडगार असते. मॉरिशसच्या ल मोर्न येथील खाडी सपाट व सुंदर आहे, मात्र प्रवाळभिंतीच्या खिंडीतून बाहेर ओढणारा प्रवाह असल्याने तेथे शाळेने आखलेल्या हद्दीतच राहावे. ईशान्य ब्राझीलमधील कुंबुको येथे वर्षाच्या उत्तरार्धात व्यापारी वारे जवळजवळ रोज वाहतात. थोडे चालवता येऊ लागल्यावरच्या दुसऱ्या सुट्टीसाठी याहून चांगली जागा सुचवणे कठीण आहे.

दिवस, विमा आणि सामान

हंगाम कितीही चांगला असला तरी सर्व दिवस वारा मिळत नाही. दहा तासांच्या शिकवणीसाठी निदान आठ-नऊ दिवसांचा मुक्काम धरावा आणि हंगामाच्या पहिल्या किंवा शेवटच्या आठवड्यापेक्षा त्याच्या मध्यावर जावे. शिकवणीची सुरुवात पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच करावी. वारा असेल तेव्हा तास संपवून टाकावेत. प्रेक्षणीय स्थळे वारा पडलेल्या दिवसासाठी ठेवावीत. सोबत काइट न चालवणारे कुटुंबीय असतील तर त्यांचाही विचार आधीच करावा, कारण चांगल्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर वाळू दिवसभर उडत असते आणि तेथे निवांत बसता येत नाही. मुक्काम शाळेपासून चालत जाता येईल इतका जवळ असावा. वारा अचानक सुटतो आणि शिक्षकाचा निरोप आल्यावर अर्ध्या तासात हजर राहणाऱ्यालाच त्याचा लाभ मिळतो.

प्रवास विम्याचे कागद शब्दन् शब्द वाचावेत. अनेक साध्या विम्यांतून काइटसर्फिंग वगळलेले असते किंवा त्यासाठी वेगळा हप्ता लागतो. त्यात या खेळाचा स्पष्ट उल्लेख, समुद्रातून सुटकेचा खर्च आणि दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी या तिन्ही गोष्टी आहेत का ते पाहावे. स्वतःचे साहित्य नेणाऱ्यांनी बोर्डाच्या पिशवीची कमाल लांबी व वजन विमान कंपनीकडून लेखी कळवून घ्यावे. विजेच्या पंपाची सुटी लिथियम बॅटरी तपासणीत दिलेल्या सामानात ठेवता येत नाही, ती हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते.

कपड्यांत पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा, पाण्याच्या तापमानानुसार वेटसूट, पट्टा असलेली टोपी आणि जस्तयुक्त सनस्क्रीन असावे. वारा थंड लागत असल्याने त्वचा भाजत असल्याचे कळत नाही. निघण्याच्या महिनाभर आधीपासून पोहणे, पोटाचे व पाठीचे व्यायाम आणि अर्धे बसून उठण्याचा सराव सुरू केला तर तिसऱ्या दिवशी येणारा थकवा बराच कमी होतो.

सुट्टी संपताना

शेवटच्या दिवशी शिक्षकासोबत पंधरा मिनिटे बसून कोणती पायरी पक्की झाली आणि कोणती राहिली ते लिहून घ्यावे, आणि आपला स्तर शाळेच्या कार्डावर नोंदवून घ्यावा. पुढच्या ठिकाणी काइट भाड्याने देण्यापूर्वी ते कार्ड बहुधा मागितले जाते, आणि नव्या शिक्षकालाही त्यावरून नेमके कुठून सुरू करायचे ते कळते. वर्षभर खंड पडला असेल तर स्तर कोणताही असो, पहिला तास पुन्हा शिक्षकासोबतच घ्यावा आणि तो क्विक रिलीजपासून सुरू करावा.